कोपराखालची दोन बोटं

आमच्या गावच्या सिद्धेश्वरावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण दोन वर्षं मी देवळात जाऊन नुसतं मागत होते, तेही क्रम लावून. पहिलं मागणं ठरलेलं : मुलीला घरी आण. आमचे हे गेल्यावर चार महिन्यांत तिनं पुण्याची नोकरी सोडली आणि अंदमानात पर्यटकांना समुद्राखाली न्यायचं काम धरलं. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, बुड्या मारायला इंजिनिअरिंग कशाला केलं म्हणायचं हिनं?" मला हसू आलं नाही. तिकडे वारा सुटला की इथे गावात, भवानी पेठेत माझं दूध उतू जायचं.

शेवटी मीच निघाले. पर्समध्ये औषधं, तिकिटांच्या प्रती आणि तिनं का परतावं याचे चौदा मुद्दे, सुवाच्य अक्षरात. तिनं यादीकडे पाहिलं. "वाच की. पण आधी एकदा माझ्याबरोबर खाली ये."

नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातली मी. तरी हट्टानं हो म्हटलं. खाली एक जुनी मालवाहू बोट बुडालेली होती, दुमजली घराएवढ्या खोलीवर. "मी मागून तुझी हवेची टाकी धरून असेन," ती म्हणाली. "तू फक्त श्वास रोखू नकोस."

पाणी कोमट होतं. दोरी धरून निम्मं अंतर उतरलो आणि बोटीची गंजलेली कूस समोर आली. कधी काळी माणसं जिथून डोकावत असतील त्या खिडक्यांतून मासे ये-जा करत होते. माझं पोर रोज इथे येतं, हा विचार आला. दोन्ही हातांनी दोरी गच्च धरली. काठावर पाठ केलेल्या सूचना एकही आठवेना. श्वास रोखला गेला. देवाचं नावसुद्धा मनात अर्धंच उमटलं.

तेवढ्यात उजव्या कोपराखाली दोन बोटं लागली. ओढणं नाही, ढकलणं नाही, नुसता आधार.

ती बोटं मला ओळखीची होती. हे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचे. यात्रेआधी आमच्या गल्लीत सराव चाले. नवा माणूस ती उंच, जड काठी घाबरून आवळायचा, तेव्हा हे त्याच्या कोपराखाली दोन बोटं लावून म्हणायचे, "आवळू नगो रं. तिचा तोल तिला हाय. तू निस्ता खाली हुबा ऱ्हा." मी दारातून कितीदा ऐकलं होतं.

माझी मूठ सैल झाली. श्वास सुटला, बुडबुडे वर गेले. मी पडले नाही. त्या मोडक्या बोटीशेजारी पाण्यानं मला अलगद धरून ठेवलं.

वर आल्यावर मी विचारलं, "कोपराला बोटं लावायचं बाबांचं बघून शिकलीस ना?"

"कसली बोटं? माझे दोन्ही हात टाकीवर होते, आई. तू दोरी सोडेनास, तुला वर न्यायलाच निघाले होते मी."

कोण होतं ते, याची छाननी मला करायची नाही.

टॉवेलनं माझे केस पुसत ती म्हणाली, "काढ आता यादी." काढली. चौदाही मुद्दे माझ्या भीतीचे होते, नाव फक्त तिचं. घडी घालून परत ठेवली.

"संक्रांतीला यात्रेला येऊन जा," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "येऊन जा?"

"हो. येऊन जा."

अजून वारा सुटला की जीव खालीवर होतो, दूधही उतू जातं. परवा गल्लीत पुन्हा सराव सुरू झाला, मी दारात उभी राहिले. काठी डुलत होती, पडत नव्हती. देवळात आता मी यादी नेत नाही. हात जोडताना कोपरं जरा सैल ठेवते, एवढंच.