केळी माझी होती

ओमानात, बरक्याच्या बाजारात सुरमई कापून घेत होतो, तेवढ्यात सुलभावहिनींचा फोन आला. "भावजी, ह्ये गेले..." एवढंच. रुसैलच्या कारखान्यात काम करता करता दत्ता खाली बसला, तो उठलाच नाही. मासळी तिथेच टाकून मी गाडीत बसलो. खरं सांगतो, रडू येण्याआधी मनात आलं ते हे, की आता ती गोष्ट फक्त मलाच ठाऊक. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दत्ता मालवणकडचा, पंप मेकॅनिक. अल हैलला वीस वर्षं आमची दारं समोरासमोर. त्याच्या ओमानी अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, लहानपण झांझिबारला गेलेलं, त्यामुळे दत्ता त्यांच्याकडून स्वाहिली शिकला आणि ती मालवणी हेलात दणकून बोलायचा. एका सुट्टीत आम्ही दोघं केनियाला गेलो, तिथलं सफारी लॉज अर्बाबनीच सुचवलं. ते कुणा शेठचं नव्हतं, सगळ्या गावाचं होतं. आठ तंबू, आणि येईल त्या पैशातून गावाची शाळा चालायची. पोचल्या पोचल्या दत्ताने त्यांचा बंद पडलेला पंप उघडला, दुसऱ्या दिवशी पाणी चालू केलं आणि रिटायर झाल्यावर इथेच येऊन राहायचं, असं ठरवून मोकळा झाला. गावानेही आनंदाने हो म्हटलं. इतका खूश मी त्याला आखातात कधी पाहिला नव्हता.

लॉजचा नियम एकच होता. फळं तंबूत ठेवायची नाहीत, स्वयंपाकघरात द्यायची. मॅनेजर नाशिपाई त्याच गावची, तिने इंग्रजीत दोनदा बजावलं, "हत्तीला तंबूत एकदा फळ मिळालं की तो परत येतो. मग माणूस तरी मरतो, नाहीतर हत्तीला गोळी घालतात." माझी नेमकी संकष्टी. वाटेत मी केळी घेतली होती. 'न्दिझी' म्हणजे केळी, एवढी एकच स्वाहिली मला आली. आता उपासाची केळी मटणाच्या स्वयंपाकघरात कशी ठेवायची? मी ती बॅगेत कपड्यांखाली दडवली. "दिवन टाक रे ती," दत्ता म्हणाला. मी ऐकलं नाही. सोवळं नडलं.

दुपारी आमच्या दोघांच्या तंबूत मी एकटाच पडलो होतो. कापड फाटल्याचा आवाज झाला आणि सोंड आत आली... ओली, फुसफुसणारी, माझ्या पायांपासून हातभर. बाहेरून दत्ताचा दबका आवाज आला, "गप रव, सदा. मी हंयच आसंय." मागून नाशिपाई म्हणत होती, "काही देऊ नका, काहीही देऊ नका." सोंड बॅगेवर आली, मग माझ्या गुडघ्यावर. माझा धीर सुटला. केळ्यांचा अख्खा घड काढून मी फटीतून बाहेर फेकला. हत्तीने तो सालांसकट खाल्ला आणि शांतपणे निघून गेला.

संध्याकाळी सगळा गाव झाडाखाली जमला. तिथली रीत अशी, की ज्याची चूक त्यानेच उभं राहून ती बोलायची. मी बसूनच राहिलो. मग दत्ता उठला. त्याच्या बोलण्यातला 'न्दिझी' तेवढा मला कळला, आणि त्याने स्वतःच्या छातीवर ठेवलेला हात दिसला. पंपवाल्याला माफ करतील, असं त्याला वाटलं असावं. म्हातारे बराच वेळ आपसात बोलले. नाशिपाईने मला इंग्रजीत सांगितलं, "परका असता तर सोडला असता. याला आमची भाषा येते, तरी याने ऐकलं नाही. याने पुन्हा इथे यायचं नाही."

तेव्हाही मी उठू शकलो असतो. उठलो नाही. परतीच्या विमानात दत्ता एवढंच म्हणाला, "खलास. सोड आता." पुढे सात वर्षं रोज समोरासमोर राहिलो, हा विषय त्याने काढला नाही आणि मी काढू दिला नाही.

गेल्या शुक्रवारी वहिनींकडे गेलो. दत्ताच्या खुर्चीत बसवेना, म्हणून उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी माफी मागायला लागलो तशा त्या म्हणाल्या,

"माका कित्याक सांगतास? थंय जावन सांगा."