करडा रंग आणि अव्वाची कडी

समस्त सोलापूरकरांनी हातातली कामं घटकाभर खाली ठेवावीत. ज्यांचे माग चालू असतील त्यांनी ते थांबवावेत, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. आमच्या घराच्या इतिहासातला अत्यंत गंभीर निर्णय मी आज जाहीर करतो आहे: आमच्या बाथरूमला करडा रंग द्यायचं ठरलं.

कोणता करडा, ते ठरलं नव्हतं. आणि तिथंच माझं जेवणाखाण्यातलं लक्ष उडालं.

हे सगळं प्रकरण सुरू झालं ते माझ्या आईसाठी. आम्ही तिला अव्वा म्हणतो. माहेर वळसंगचं, बोलणं निम्मं कानडीत, निम्मं मराठीत, आणि रागावली की दोन्हीत एकदम. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून पिकतोय. या उन्हाळ्यात ती बाथरूमच्या जुन्या गुळगुळीत फरशीवर घसरली. हाड वाचलं, पण माझ्या बायकोचा जीव काही जागेवर येईना. तिनं कुंभारीहून येणाऱ्या एका बाईशी परस्पर बोलून ठेवलं: रोज सकाळी यायचं आणि अव्वाला आंघोळ घालायची.

अव्वानं ते ऐकलं, हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाली, "हळदीच्या दिवशी बायकांनी माझ्या अंगावर पानी घातलं. आता शेवटाला घाला. मधलं माझं मी बघती की."

"आत्याबाई, पण परत पडलात तर?" बायकोनं विचारलं.

"तर पडंन. कडी लावून पडंन."

शेवटी तह झाला. न घसरणारी फरशी घालायची, भिंतीला धरायला दांडी बसवायची आणि अव्वानं आतून कडी लावून एकटीनं आंघोळ करायची. पण आतून एकदा जरी मदतीची हाक आली, तरी दुसऱ्या दिवसापासून बाई येणार. अट बायकोनं घातली. अव्वानं मान हलवली, आणि ती मान अशी हलली की पुढं मागं घ्यायची सोय नव्हती.

फरशी झाली. दांडी बसली. अर्ध्या भिंतीपर्यंत पांढऱ्या टाइल्स लागल्या. वरच्या भागाला करडा रंग, हे बायकोचं मत. आमच्या बोअरच्या पाण्याचे डाग पांढऱ्यावर पिवळे दिसतात आणि गडद रंगावर पांढरे. करड्यावर दोन्ही खपतात. मतात खोट काढायला जागा नव्हती. खोट माझ्यात होती.

कारण मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करतो. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीशी आमचा टॉवेल जुळला की नाही, हे माझी मान ठरवते. उभी हलली तर माल गाडीत, आडवी हलली तर परत रंगाच्या टाकीत. अशा माणसापुढं रंगाऱ्यानं शेडकार्ड टाकावं आणि म्हणावं, "साहेब, कुठल्याबी एकावर बोट ठेवा"? मी बोट ठेवलं नाही. भिंतीवर नमुने मारायला सांगितले.

पहिला करडा सकाळी चांगला होता, दुपारी निळा पडला. दुसरा ओला असताना देखणा, वाळल्यावर सिमेंट. तिसऱ्याकडं मी दारातून पाहिलं, फरशीवर बसून पाहिलं, बायकोला दिवा लावायला-विझवायला लावून पाहिलं. भिंत अंगावर पुरळ उठल्यासारखी दिसायला लागली. अव्वा रोज दारात उभी राहून एकेकाचं बारसं करायची.

"ही म्हस."

"बरं, आणि हा?"

"ही पावसात भिजलेली म्हस."

"आणि हा वरचा, अव्वा?"

"ती बूदी." बूदी म्हणजे कानडीत राख. "बूदी आंघोळीनंतर कपाळाला लावायची आसती लेका. भिंतीला कशाला? ती काय पूजेला बसणाराय?"

कारखान्यात माझं लक्ष लागेना. पारव्याच्या मानेकडं बघत बसायचो. रस्त्याकडेला उभ्या गाढवाला दोनदा वळसा घालून आलो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या कानशिलावर एक फार सुरेख करडा होता. त्याच्याकडं मी इतका वेळ पाहिलं की तो दुसऱ्या दिवशी केस काळे करून आला.

इकडं अव्वा मागच्या अंगणात दोन चादरी ताणून त्यांच्या आडोशाला आंघोळ करत होती, आणि तिथं बायको चादरीबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला. "अहो," ती मला म्हणाली, "तुमचा रंग ठरेपर्यंत आत्याबाई उघड्यावर नहाणार का? ती बाई रोज विचारतेय, कधीपासून येऊ म्हणून." हे तिनं मुद्दाम अव्वाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

आणि मग कपाट उघडताना मला साक्षात्कार झाला! टॉवेल करणाऱ्याच्या घरी टॉवेल असतात ते गिऱ्हाइकानं नाकारलेले. आमच्या कपाटात एका परत आलेल्या मालातले करडे टॉवेल छताला टेकले होते. मऊ, शांत, ना निळा ना सिमेंट असा करडा. मी एक टॉवेल काखेत मारला आणि रंगाच्या दुकानात गेलो. थेंबभर काळा, कणभर पिवळा, परत पांढरा. कागदावर लावायचं, वाळू द्यायचं, दारातल्या सावलीत टॉवेलशेजारी धरायचं. दुकानदार गल्ल्यावरून उठून आत जाऊन बसला. पण शेवटी माझी मान उभी हलली. अशी जुळणी मी नोकरीत कधी केली नव्हती.

रंगाऱ्यानं दोन हात मारले. रंग वाळल्यावर मी खुंटीवर टॉवेल टांगला आणि नाटकातला पडदा उघडावा तसा बाजूला झालो.

रंगारी डोळे बारीक करून म्हणाला, "साहेब, टॉवेल टांगला, का नुसता हात हलवला?"

आयुष्यात माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा आत गेली. कडी वाजली. बाहेर मी, बायको आणि शिडी न्यायला आलेला रंगारी. आत तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, मधूनच "शिव शिव". बायकोच्या कपाळावरची आठी सैल झाली. मग पाणी थांबलं.

मग काहीच नाही.

मग भिंतीवर तळहात फिरल्याचा आवाज. थप. थोडं पुढं, थप. परत मागं. आणि माझ्या लक्षात आलं. माझी नोकरीतली सर्वोत्तम जुळणी! एका डोळ्याच्या म्हातारीसाठी मी त्या भिंतीवरून टॉवेल नाहीसा केला होता. आणि हाक मारायची तिला बंदी होती.

"मी सांगू का, खुंटी डावीकडं आहे म्हणून?" मी कुजबुजलो.

"ती मदतच झाली," बायको तितक्याच हळू म्हणाली. पण तिचा हात दाराकडं गेला होता. थोड्या वेळानं तिलाच राहवेना. "आत्याबाई, काही हवंय का?"

"काय नको!" आतून आलं. "तुमी मोटर बंद केली का बघा जा!"

थप. थप. रंगारी शिडी खांद्यावर घेऊन तसाच उभा. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की मला कळलं, अव्वानं हरावं असं तिलाही वाटत नव्हतं.

कडी निघाली. दारामागचं हिरवं लुगडं अव्वाला सापडलं होतं. ते तिनं ओल्या अंगावर तसंच गुंडाळलं होतं. केसांतून पाणी निथळत होतं, नाकाच्या शेंड्यावर थेंब, आणि मान अशी ताठ की कीर्तनाला निघालीय. एका हातानं दांडी धरून ती उंबऱ्यावर थांबली, आम्हा तिघांवरून नजर फिरवली आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली:

"आंघोळ माझी मी केली! आता त्यो टॉवेल कुटं हाय, ते तुमी शोधा!"