चारनंतर

ब्रिस्टलहून कार्डिफला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये तो माझ्यासमोर बसला होता. पन्नाशीचा, हातांवर घट्टे पडलेले. मांडीवर एक जाड मासिक ठेवून दोन काठ्यांनी ठेका धरला होता. शेजारची बाई दोनदा खाकरली, तेव्हा त्याने "सॉरी" म्हणत काठ्या बॅगेत ठेवल्या आणि बोटांनी तोच ठेका पुढे चालू केला.

उच्चार अमेरिकन वाटला, म्हणून अमेरिकेत कुठे राहता, असं मी विचारलं. "कॅनडा," तो म्हणाला. रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. पहिला बँड टोरंटोत फुटला. दुसऱ्यातून गायकाने काढलं. तिसऱ्याबरोबर तो लंडनला आला, आणि तो बँड तिथेच संपला. चौथा गेल्या महिन्यात मोडला. आज कार्डिफला नव्या बँडसमोर वाजवून दाखवायचं होतं. त्यातले सगळे त्याच्या निम्म्या वयाचे.

माझाही प्रोजेक्ट बंद पडला होता. कार्डिफला इंटरव्ह्यू होता आणि सीव्हीवर आधीच चार कंपन्या होत्या, त्याची मला लाज वाटायची.

"म्हणजे हा पाचवा," मी जरा कीव करत म्हणालो.

त्याने टेबलावर बोट आपटत मोजलं. "वन, टू, थ्री, फोर. आता पुढे काय?"

"फाइव्ह."

"वन," तो म्हणाला आणि वाजवत राहिला.

पुण्यात मी सात वर्षं तबला शिकलोय. आवर्तन संपलं की पुन्हा पहिली मात्रा, हे गुरुजींनी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. तरी मी पाच म्हणालो.