आडनाव विचारलं आणि मुलगा निघून गेला

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

आमची वरची खोली भाड्याने द्यायची आहे. घोटीचा एक कॉलेजचा मुलगा बघायला आला. भाडं, मेस, बस असा महिन्याचा हिशोब कागदावर मांडूनच आला होता. खोली आवडली, भाडंही बसत होतं.

भाडेकरारासाठी मी विचारलं, "पूर्ण नाव काय रे तुझं?"

त्याने नुसतं नाव सांगितलं.

"आणि आडनाव?"

त्याचा चेहरा उतरला. "काका, घरी विचारून सांगतो," म्हणाला, कागदाची घडी केली आणि गेला. नंबरही दिला नाही.

तो का गेला हे मला नाही कळणार तर कोणाला? १९८१ साली मी वणीहून नाशिकला शिकायला आलो. आम्ही बौद्ध. कॉलेजजवळ तीन खोल्या बघितल्या, आडनाव सांगितलं की प्रत्येक खोली "कालच दिली" व्हायची. शेवटी पार अंबडकडे आमच्या वस्तीत जागा मिळाली. भाडं तेवढंच, पण बसचा खर्च वाढला. म्हणून वर्षभर मेसमध्ये एकच वेळ जेवलो.

तेव्हापासून आडनाव टाळायची सवय जडली. आमच्या दारावरच्या पाटीवरही नुसतं 'मधुकर' आहे. आडनाव असतं, तर ते वाचून कदाचित तो पोरगा थांबला असता.

बायको म्हणते, "उद्याच नवी पाटी करून आणा."

घर माझं, नाव माझं. मग अजूनही मला भीती कसली वाटतेय, सांगाल?