वसंतरावांचं कमी कोलेस्टेरॉल

दुकानात माल मागवावा लागतो, किस्से न मागवता येतात. आणि त्यांना एक्स्पायरी डेट नसते! कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या माझ्या किराणा दुकानात शनिवारी सकाळी चहाला जमणाऱ्या मंडळींनी माझ्याकडे असा बराच स्टॉक करून ठेवलाय. त्यातले हे वसंतरावांचे.

*

वसंतराव मूळ पुण्याचे, रिटायर्ड इंजिनियर. आमच्यात पूर्वी क्रिकेटचे स्कोअर निघायचे, वयं झाली तसे ब्लड रिपोर्ट निघायला लागले. फोन काढायचा, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दाखवायचं. ज्याचं सगळ्यात कमी, तो जिंकला! तीन वर्षं वसंतरावच जिंकत होते. गोळी नाही, पथ्य नाही.

नागपूरचा भास्कर, आयटीवाला, ओट्स खाऊन वैतागलेला. "काका, सिक्रेट काय यार?"

"साजूक तूप आणि स्वच्छ मन!"

*

पण ते तूप मीच विकत होतो ना! आधी महिन्याला एक बरणी, मग दोन. इकडे आकडा दरवर्षी खाली. मी शिकलेला नाही, पण गोदाम कळतं. माल जास्त येतोय आणि शेल्फ रिकामं होतंय, तर मी आधी चोर शोधतो!

त्यांची मुलगी रेवा नर्स आहे, इथेच जन्मलेली. तिला हळूच सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"काका, मोस्ट कोलेस्टेरॉल लिव्हरच बनवतं."

"मग कमी होतंय म्हणजे?"

"मे बी लिव्हर थकलंय. बाबा तुम्हाला रिपोर्टमधलं लिव्हरचं पान दाखवतात?"

कधीच नाही. जिंकायचं पान तेवढं दाखवायचे!

*

पुढच्या शनिवारी वसंतराव तडक काउंटरवर. "शेठ, तू डाळ-तांदूळ वीक! माझं लिव्हर तुझ्या दुकानात येत नाही!" चहा तसाच टाकून गेले. दोन महिने फिरकले नाहीत.

सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, सामानाला यायच्या. विचारायची मला हिंमत होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "हिपॅटायटिस सी निघाला, लिव्हरचा व्हायरस. तरुणपणी स्कूटरच्या अपघातात रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा म्हणतात. इतकी वर्षं कळलंच नाही. लिव्हरवर व्रण पडलेत."

मग हातातली कोथिंबीर परत ठेवली. "दर वेळी जिंकून आले की मीच शिरा करायचे हो."

*

हे ऐकून भास्कर हादरला. त्याचंही एलडीएल नुकतंच उतरलं होतं. डॉक्टरला फोन केला, "माझा रिपोर्ट नॉर्मल आलाय, प्लीज काहीतरी करा!"

लिव्हर ठणठणीत निघालं. ओट्स मात्र त्याने त्याच दिवशी बंद केले!

*

वसंतरावांना बारा आठवडे गोळ्या. मग आणखी बारा आठवडे थांबायचं, आणि मग टेस्ट: व्हायरस गेला की नाही. एव्हाना राग विसरून ते पुन्हा यायला लागले होते, पण रिपोर्टचं नाव कुणी काढत नव्हतं.

आणि एका शनिवारी, रेवा आणि सुमनकाकूंसकट सगळे दुकानात असतानाच, त्यांचा फोन वाजला. रिपोर्ट! त्यांनी फोन काउंटरवरून माझ्याकडे सरकवला.

"शेठ, तू वाच."

मी चष्मा पुसला. "व्हायरस, नॉट डिटेक्टेड."

खाली एक लाल बाण होता. तोही वाचला. "एलडीएल... हाय आलंय."

"हाय?" रेवाने त्यांना मिठीच मारली. "बाबा, युअर लिव्हर इज वर्किंग!"

सुमनकाकूंनी न विचारता माझ्या फ्रिजमधला पेढ्यांचा बॉक्स फोडला आणि लाइनमधल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत सुटल्या. शेवटी कार्ट घेऊन एक अनोळखी गृहस्थ उभे होते.

"मुलाचं ग्रॅज्युएशन का?"

"छे! ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं!"

गृहस्थांनी पेढा तोंडात टाकला. मग म्हणाले, "माझं तर पाच वर्षं वाढलेलंच आहे. आमच्या घरी कुणी साधं अभिनंदन केलं नाही!"