मेंढरांची विहीर

दुष्काळाची वर्षं होती. पडेगावपलीकडचा माळ परदेशी पाहुण्यांना कारखान्यासाठी दाखवायला मी, सरकारी कचेरीतली साधी कारकून, फाईल छातीशी धरून निघाले, जणू मीच कलेक्टर. माळावर एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"बाबा, पाहुणे येतायत. मेंढरं हटवा."

"हटवतो बाई. पण मेंढरं दिसली तरच त्यांना कळंल ना, इथं पाणी हाय म्हून."

पाहुण्यांनी रस्ते-सवलतींची पानं बाजूला सारून पाण्याचंच विचारलं. मी फाईल चाळत राहिले. म्हाताऱ्याला न सांगताच त्यांचा प्रश्न कळला; काठीनं त्यानं मेंढरांची विहीर दाखवली.

कारखाना आला, मला बढती मिळाली, विहिरीभोवती कारखान्याचं कुंपण उभं राहिलं.

हल्ली तिथून रिक्षानं जाताना मला डुलकी लागते आणि कुंपणाआतल्या हिरवळीवर त्याची मेंढरं चरताना दिसतात. आता मी त्यांना हटवत नाही.