मिरजेचा जिना

पडद्यावर खुनी जिना चढू लागला, तेव्हा शेजारी बसलेली ताई माझ्या कानाशी पुटपुटली, "हा नव्हे आपला जिना."

जिना संगमरवरी होता, आणि उजेड एवढा की मला खुन्याचीच काळजी वाटली. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा काढला, ती आम्ही दोघींनी लहानपणी मिरजेला मावशीकडे वाचली होती. वाचनालयाची एकच प्रत, म्हणून एकदमच वाचायची. ताईचं वाचन भरभर. पान संपलं की ती त्याचा कोपरा चिमटीत धरून विचारायची, "झालं तुझं?" मी मुद्दाम रेंगाळायचे. तोवर मावशीच्या घरातल्या अंधाऱ्या लाकडी जिन्यात तो खुनी, एक पाय उचलून, आमच्यासाठी ताटकळत उभा असायचा.

मावशी गेली, ते घरही पाडलं. सिनेमा वाईट नव्हता. पण तो कुणासाठी थांबत नव्हता.

दिवे लागले, माणसं उठली. ताई मात्र डोळे मिटून बसलेली. तिच्या पापण्यांआड कुणीतरी अजून हळूहळू वर चढत असावं. रांगेतले लोक वाट मागू लागले. मी त्यांना हातानंच थोपवलं आणि तिच्याकडे वाकून विचारलं, "झालं तुझं?"